लांगली (कळलावी) : चिचगड परिसरातील वाढ, लागवड व कंदसंग्रहणाचा काळ

रसतरंगिणीत ज्या अकरा उपविषांची गणना केली आहे त्यांपैकी कुचला, धोतरा, रुई, कण्हेर, बिब्बा, गुंज ही द्रव्ये वैद्यास वर्षभर डोळ्यांसमोर दिसू शकतात. त्यांचे झाड अथवा झुडूप ओळखून हव्या त्या ऋतूत अंग घेता येते. लांगलीचे तसे नाही. ही वेल मृगाच्या पावसाबरोबर वर येते, श्रावण-भाद्रपदात फुलते आणि मार्गशीर्ष उजाडेपर्यंत भूपृष्ठावरून नाहीशी होते. जेव्हा ती निःसंशय ओळखता येते तेव्हा तिचा कंद अपक्व असतो, आणि कंद परिपक्व होतो तेव्हा ओळख पटविणारे पान-फूल काहीच शिल्लक नसते. बाजारातील लांगलीविषयी जे घोटाळे आहेत, मग तो बचनागाशी होणारा नामसंकर असो, वीर्यहीन माल असो की रानातून वेल उठून जाणे असो, त्यांतील बरेचसे या एका विसंगतीतून उत्पन्न झाले आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात गुणधर्मांची पुनरुक्ती थोडी ठेवून वेलीचे वर्षचक्र, तिला मानवणारी भूमी आणि कंद काढण्याचा काळ यांचा विचार केला आहे. उदाहरणादाखल देवरी तालुक्यातील चिचगड परिसर घेतला आहे, कारण वेल, भूमी आणि कंदमुळे ओळखणारी माणसे ही तिन्ही येथे एकत्र आहेत.

नामविचार

भावप्रकाशात कलिहारी, हलिनी, लांगली, शक्रपुष्पी, विशल्या, अग्निशिखा, अनन्ता, वह्निवक्त्रा व गर्भनुत् असे पर्याय येतात. यांतील लांगली व हलिनी ही नावे कंदाच्या नांगरासारख्या आकारावरून, अग्निशिखा व वह्निवक्त्रा ही फुलावरून, तर गर्भनुत् व विशल्या ही कर्मावरून पडली आहेत. म्हणजे कंद, फूल आणि कर्म या तीनही कसोट्या नावांतच दिल्या आहेत. वनस्पतिशास्त्रात लिनियसने १७५३ मध्ये दिलेले ग्लोरिओसा सुपर्बा हे नाव प्रचलित आहे. पूर्वी ही वेल लिलिएसी कुलात गणली जाई, आता ती कोल्चिकेसी कुलात ठेवतात. तामिळनाडूचे हे राज्यपुष्प होय.

मराठीतील कळलावी या नावाचे दोन अर्थ लोक लावतात. प्रसूतीच्या कळा आणणारी ती कळलावी, हा एक. घरात आणली असता भांडण लावते, हा दुसरा. नारदमुनींस जे विशेषण लोक लावतात तेच या वेलीस लागले आहे! दुसऱ्या समजुतीस शास्त्राधार नसला तरी तिच्यामुळे हा विषारी कंद लहान मुलांच्या घरापासून दूर राहिला, हा तिचा उपकारच म्हणावा लागेल. कोकणात या फुलांना गौरीचे हात म्हणतात व भाद्रपदातील गौरीपूजनास ती आणतात. छत्तीसगडच्या बाजूस कलिहारी, करिहारी ही नावे चालतात. चिचगड सीमेलगत असल्याने संग्राहकाशी बोलताना ही नावेही माहीत असावीत.

घातक आहे ते बचनाग हे नाव. महाराष्ट्राच्या काही भागांत कळलावीस बचनाग अथवा खड्यानाग म्हणतात, आणि गुजरातेत ती दूधियो वछनाग या नावाने ओळखली जाते. वत्सनाभ म्हणजे ॲकोनिटम वर्गातील हिमालयीन क्षुप. ते थंड व उंच प्रदेशातील असून महाराष्ट्रातील कोणत्याही रानात उगवत नाही. तेव्हा 'इथल्याच जंगलातला बचनाग' म्हणून कोणी कंद आणून दिला तर तो वत्सनाभ नाही, एवढे न तपासताही सांगता येते. दोन्ही द्रव्ये विषारी, दोन्हींचे शोधन गोमूत्रात होते, दोन्ही कंदरूपाने मिळतात. पण वत्सनाभाचे विष हृदय व नाड्यांवर त्वरेने कार्य करते, तर लांगलीचे विष उशिरा प्रकट होऊन सर्व धातूंस ग्रासते. ज्वरघ्न कल्पात वत्सनाभाच्या जागी लांगली गेल्यास तो कल्प निष्फळ होतो एवढेच नव्हे, तर त्याच्या मात्रेचा सर्व हिशेबच चुकतो.

शुष्क मालात भेद पाहावयाचा तो असा. वत्सनाभाचे मूळ वर जाड व खाली निमुळते, शंकूसारखे, बाहेरून काळपट तपकिरी असते. लांगलीचा कंद दंडगोल पण बाजूंनी किंचित चपटा, दुफाट्याचा किंवा काटकोनात वळलेला, वरून फिकट तपकिरी आणि मोडल्यावर आतून पांढरा व पिठूळ असतो. चकत्या करून वाळविलेला माल आल्यास ही आकृतीची कसोटी हातची जाते, म्हणून शक्यतो अखंड कंदच मागवावा. पेवाच्या कांद्याचे तुकडेही लांगलीत मिसळले जातात. त्यांवर पेरांची वलये दिसतात, लांगलीवर ती नसतात. चव घेऊन परीक्षा करण्याची जुनी सवय या दोन्ही द्रव्यांच्या बाबतीत सर्वथा वर्ज्य समजावी.

वेलीचे वर्षचक्र

चिचगडचा पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा असून जिल्ह्याचे सरासरी मान बाराशे ते तेराशे मिलिमीटरच्या आसपास आहे. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. अशा प्रदेशात कोवळ्या देठाची ही वेल टिकते ती केवळ कंदाच्या आधाराने. मे महिन्यात तेंदू-मोहाच्या हंगामात रानात जमिनीवरून जाळ फिरला तरी काही इंच खाली निजलेला कंद सहसा सुरक्षित राहतो.

मृग किंवा आर्द्रा नक्षत्रात जमीन ओली झाली की कंदाच्या टोकाशी असलेल्या डोळ्यातून कोंब निघतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कंदास सामान्यतः दोन भुजा असतात आणि प्रत्येक भुजेच्या टोकास एकच डोळा असतो. बटाट्याप्रमाणे अंगभर डोळे नसतात. हाताळताना ते टोक मोडले तर ती भुजा पुन्हा अंकुरत नाही. पोत्यात कोंबून आणलेले कंद लावले आणि उगवले नाहीत, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा दोष भूमीचा नसून बहुधा मोडलेल्या डोळ्याचा असतो.

कोंब प्रथम सरळ वर येतो. त्याची पाने बिनदेठाची, भाल्याच्या पात्यासारखी, लांब असतात. हात-दीड हात वाढ झाल्यावर नव्या पानांची टोके लांबून स्प्रिंगसारखी वळतात व जवळच्या काटकीस विळखा घालतात. खोडाने वेढे घेत चढणाऱ्या गुळवेलीपेक्षा अथवा वेगळे ताणे फुटणाऱ्या वेलींपेक्षा ही रीत निराळी आहे. फूल नसतानाही ओळख पटविणारी ही सर्वांत खात्रीची खूण होय. आषाढात कोणी अनोळखी वेल दाखविली तर प्रथम पानाचे टोक पाहावे. टोकाची पकड पातळ काटकीवरच बसते. जाड बुंध्यावर ही वेल चढू शकत नाही, म्हणून दाट सागवनाच्या मध्यभागी ती क्वचित आढळते, तर बांबूच्या बेटाच्या कडेला, करवंदीच्या जाळीत, पडीक कुंपणावर, धानाच्या बांध्यांच्या उंच धुऱ्यावर सहज दिसते. वेलीची लांबी दहा-बारा फुटांपासून अनुकूल जागी वीस फुटांपर्यंत जाते.

फुले पानांच्या बगलेत एकेकटी येतात. सहा पाकळ्या प्रथम हिरवट, मग तळाशी पिवळ्या व टोकास तांबड्या होत होत अखेर संपूर्ण लालभडक होतात. कडा लाटांसारख्या चुणीदार असून पाकळ्या मागे उलटून वर जातात, त्यामुळे फूल पेटलेल्या ज्योतीसारखे दिसते. सहा पुंकेसर बाजूंस पसरलेले आणि कुक्षिवृन्त मुळाशीच काटकोनात वळून बाहेर गेलेले असते. या रचनेमुळे फुलातील पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडणे कठीण होते व फलधारणा फुलपाखरे इत्यादींवर अवलंबून राहते. तामिळनाडूतील शेतकरी बियांसाठी लागवड करतात आणि सकाळच्या वेळी हाताने पराग लावत शेतातून फिरतात. तेथे पीक आहे ते बियांचे, कारण कोल्चिसीन हे द्रव्य बियांत कंदापेक्षा अधिक प्रमाणात असते व त्या बिया परदेशी औषधनिर्मात्यांकडे जातात. आपणांस हवा आहे कंद. म्हणून त्यांची लागवडपद्धती जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही.

आता कंदाकडे पाहू. वेल वाढत असताना जुन्या कंदातील साठा वापरला जातो आणि तो सुरकुतत जातो. त्याच वेळी खोडाच्या बुडाशी नवा कंद तयार होऊ लागतो. भाद्रपदात भर फुलांच्या वेळी खणले तर हाती काय येते? एक गळलेला, पोकळ होत चाललेला जुना कंद आणि एक पाणीदार, अपुरा नवा कंद. दोन्ही औषधास अयोग्य, आणि वेल मात्र कायमची गेली. फुलावरून ओळखून तेव्हाच उपटण्याची जी रीत पडली आहे ती या दृष्टीने दुहेरी हानीची आहे. आश्विन-कार्तिकात फळे पिकून तडकतात व आतील नारिंगी-तांबड्या बिया दिसू लागतात, पाने पिवळी पडतात, आणि वेल खालपर्यंत वाळल्यावर नव्या कंदाची पूर्तता होते.

दुफाट्या कंदास नर आणि एकेरी कंदास मादी म्हणण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे व औषधास नरच घ्यावा असा आग्रह धरतात. लांगलीचे फूल द्विलिंगी आहे, त्यामुळे नर वेल व मादी वेल असा भेद संभवत नाही. एकेरी कंद हा बहुधा लहान वयाचा अथवा एक भुजा मोडलेला असतो. पूर्ण भरलेला दुफाट्या कंद घ्यावा हा आचार योग्यच आहे, परंतु त्याचे कारण वय व पुष्टी हे आहे.

भूमी

गोंदिया-भंडाऱ्याकडील शेतकरी जमिनीचे कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी असे भेद करतो. वैद्यांनी हे भेद अवश्य शिकून घ्यावेत, कारण लांगलीच्या बाबतीत भूमिपरीक्षा याच शब्दांत नेमकी होते. कन्हार ही काळी, भारी, पाणी धरणारी जमीन. श्रावणातील झडीत ती दिवसचे दिवस चिंब राहते व तीत कंद सडतो. सिहार जमीन धानाची आवडती, पण बांधीत पाणी साठवून ठेवल्यास ती लांगलीस निरुपयोगी आहे. बरडी, म्हणजे माळावरची मुरमाड व उथळ जमीन, धानास हलकी म्हणून शेतकरी टाकून देतो. तीत पाणी थांबत नाही. कुजलेले शेणखत व पालापाचोळा मिसळल्यास लांगलीस हीच जमीन सर्वांत मानवते. खरडीही चालते. लाल, वालुकामिश्रित, निचऱ्याची आणि सामू साधारण सहा ते सात असलेली माती ही जी तामिळनाडूच्या लागवडीची अट आहे, तिच्याशी आपल्याकडील बरडी-खरडी बरीच जुळते. तेथे ओलिताचा आधार घ्यावा लागतो. चिचगडला चार महिने पाऊसच तो देतो, मात्र दोन पावसांत पंधरवड्याची ओढ पडली तर एखादे पाणी द्यावे लागते.

ज्याच्याकडे सखल बांधीखेरीज जागा नाही त्याने धुऱ्यावरच लावावे. धुऱ्याची माती उंच व निथळणारी असते. मात्र धुऱ्यावरून गुरे जातात व मुले खेळतात, ही अडचण पुढे पाहूच.

उजेडाविषयी एक वाक्य पुरे. वेलीच्या शेंड्यास ऊन आणि बुडास सावली हवी, जशी ती झुडपाच्या आश्रयाने आपोआप मिळते.

लागवड

बेण्यासाठी पन्नास ते साठ ग्रॅम वजनाचा, डोळा शाबूत असलेला कंद घ्यावा. दोन्ही भुजा जोडलेल्या ठिकाणी कापून वेगळ्या केल्या तर एका कंदाची दोन रोपे होतात. कापलेल्या जागी राख लावून सावलीत एक-दोन दिवस सुकू द्यावे. मृगाचा चांगला पाऊस पडून जमीन निवल्यावर साठ सेंटिमीटर अंतरावर उंच सऱ्या करून त्यांवर पंचेचाळीस सेंटिमीटरवर एकेक कंद दोन-तीन इंच खोल, आडवा ठेवावा. डोळा वरच्या अंगास येईल असे पाहावे व माती हलकेच लोटावी, दाबू नये.

या अंतराने एका गुंठ्यात सुमारे ३७० वेली बसतात व पन्नास ग्रॅमच्या हिशेबाने अठरा-एकोणीस किलो बेणे लागते. एवढे बेणे विकत घेणे महाग, आणि रानातून काढणे तर सर्वस्वी अनुचित. म्हणून सुरुवात वीस कंदांपासून करावी. त्यांस पाच-साडेपाच चौरस मीटर जागा पुरते. सर्व भुजा उगवल्या व काहीही वापरले नाही तरी दुसऱ्या वर्षी फार तर दुप्पट बेणे होते. वाढीचा वेग इतकाच आहे. बियांपासून रोपे होतात, पण बी निद्रिस्त असते, उगवण अनियमित होते आणि रोपास फूल येण्यास तीन ते चार वर्षे लागतात. ज्यास घाई नाही त्याने दोन्ही मार्ग एकदम चालू ठेवावेत.

हाच हिशेब रानास लावून पाहावा. दहा किलो ओला कंद म्हणजे पन्नास ग्रॅमने दोनशे वेली, आणि रानातील कंद पुष्कळदा त्याहून लहान असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. वाळल्यावर त्याचे वजन आणखी घटते. फार्मसीचालकाने किरकोळ वाटणारी मागणी नोंदविली तरी तिच्यापोटी एखाद्या टेकडीची वेल संपू शकते. हिरडा-बेहडा यांची फळे नेली तर झाड राहते, येथे कंद नेला की काही राहत नाही.

कोंब वर येताच आधार द्यावा. तामिळनाडूत तारा ताणतात व काही ठिकाणी जिवंत झुडपांचा आधार देतात. आपल्याकडे बांबूच्या कामट्या रोवून त्यांस आडव्या बारीक काटक्या बांधणे स्वस्त पडते. काटकी करंगळीहून जाड नसावी, कारण पानाच्या टोकास ती कवेत घेता आली पाहिजे. आधार उशिरा दिल्यास वेल आडवी पडते, कोवळे खोड मोडते व त्या वर्षाचा कंद भरत नाही. निंदणी हातानेच करावी. कोंबाभोवती खुरपे चालविणे धोक्याचे.

रोगांत मुख्य म्हणजे बुंधा व कंद सडणे. हा बुरशीचा विकार असून निचरा सुधारणे हीच त्याची पहिली चिकित्सा. सडलेली वेल मातीसकट काढून दूर जाळावी. पानांवर करपा येतो तो सततच्या झडीत. किडींपैकी एक अळी या वेलीची इतकी खास आहे की तिच्या शास्त्रीय नावातच ग्लोरिओसी हा शब्द आला आहे. काळ्या अंगावर पांढरे व तांबडे ठिपके असलेली ही अळी पावसाळ्यात थव्याने येऊन पाने फस्त करते. वेली थोड्या असतील तर सकाळी हातमोजे घालून वेचणे पुरते. औषधी द्रव्यावर विषारी फवारे मारण्याचे कारण पडू नये.

कंद केव्हा काढावा

चरकसंहितेच्या कल्पस्थानात मुळे ग्रीष्मात अथवा शिशिरात, पाने गळल्यावर घ्यावीत आणि त्वचा, कंद व क्षीर शरदात घ्यावे असा काळविभाग आला आहे. लांगलीस ग्रंथांतून मूळही म्हटले आहे व कंदही, तेव्हा नियम कोणता लावावा असा प्रश्न पडतो. शरदाच्या आरंभी, म्हणजे आश्विनात, चिचगडला वेल अजून हिरवी व फळांनी लगडलेली असते. त्या वेळी काढलेला कंद भरलेला नसतो. आमच्या मते येथे 'पाने गळल्यावर' हे लक्षण प्रमाण मानावे व महिना दुय्यम समजावा. पाऊस लवकर उघडला तर कार्तिकअखेर, लांबला तर मार्गशीर्ष-पौष. फाल्गुनानंतर मात्र जमीन इतकी कठीण होते की कंद अखंड निघत नाही.

या काळात वेल दिसत नाही, ही लेखारंभी सांगितलेली अडचण. तिच्यावर उपाय साधा आहे. श्रावण-भाद्रपदात फूल असताना प्रत्येक वेलीच्या बुडापासून वीतभर अंतरावर बांबूची खुंटी रोवावी व तीवर रंगाचा पट्टा द्यावा. मार्गशीर्षात खुंटीवरून कंद काढावा. खुंटी नसलेल्या जागी कितीही सारखा दिसणारा कंद निघाला तरी तो घेऊ नये. संग्राहकाकडून माल घेणाऱ्यांनीही हाच नियम घालून द्यावा व आषाढ-श्रावणात एकदा तरी स्वतः जाऊन वेल पाहून यावे. कुदळीऐवजी सब्बलीने हातभर अंतरावरून माती मोकळी करावी. दोन भुजांपैकी मोठी घेऊन लहान, डोळा शाबूत असलेली भुजा तेथेच मातीआड करावी. पुढच्या मृगात ती पुन्हा वर येते.

रानातील संग्रहणाविषयी कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. वनहक्क कायदा, २००६ अन्वये औषधी वनस्पती व कंदमुळे गौण वनोपजात येतात. जेथे सामूहिक वनहक्क मान्य झाले आहेत तेथे व्यवहार ग्रामसभेशी करावा. जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने लागवडीतून आलेल्या औषधी वनस्पतींना लाभवाटपातून सूट दिली आहे, परंतु लागवडीचा पुरावा म्हणून स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीचे प्रमाणपत्र लागते. लागवडीची नोंद पहिल्या वर्षापासून ठेवलेली बरी.

काढलेले कंद धुऊन, सावलीत वाळवून, हवाबंद डब्यात स्वतंत्र कुलपाखाली ठेवावेत. डब्यावर लांगली हे नाव, शास्त्रीय नाव, गाव, काढल्याचा महिना व 'विषद्रव्य' ही अक्षरे असावीत. बचनाग हा शब्द डब्यावर, बिलावर किंवा मागणीपत्रावर कोठेही लिहू नये. बेण्याचे कंद वेगळ्या मातीच्या भांड्यात कोरड्या वाळूत ठेवावेत.

शोधन व उपयोग

शोधनासाठी कंदाचे लहान तुकडे करून एक अहोरात्र गोमूत्रात ठेवावेत व नंतर धुऊन वाळवावेत. शोधनाने कोल्चिसीनचे प्रमाण घटते, ते नाहीसे होत नाही. कोल्चिसीन वाळविल्याने अथवा शिजविल्याने नष्ट होत नाही, हेही लक्षात असावे. शोधनात वापरलेले गोमूत्र शेणखताच्या खड्ड्यात किंवा गोठ्याजवळ टाकू नये. निंदणी-छाटणीत निघालेली पाने व वेलही गुरांच्या तोंडी लागू देऊ नयेत, ती जनावरांसही विषारी आहेत. धुऱ्यावर लागवड केली असेल तर काटेरी कुंपण अनिवार्य समजावे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात वार न पडल्यास लांगलीमूळाचा कल्क तळहात व तळपायांस लावण्यास सांगितले आहे. कासीसादि तैलात अर्शासाठी आणि निर्गुंडी तैलात गंडमाळेसाठी लांगलीची योजना आहे. यांतील एकही उदाहरण पोटात घेण्याचे नाही, हे योगायोगाने झाले असे वाटत नाही. कटु, तिक्त, कषाय, तीक्ष्ण, उष्ण, सारक, पित्तल आणि गर्भपातिनी अशा द्रव्याचा आभ्यंतर प्रयोग अनुभवी वैद्यानेही अपवादानेच करावा, आणि गर्भिणी, वृक्कविकारी व बालक यांत मुळीच करू नये. वातरक्तासाठी आधुनिक वैद्यकातील कोल्चिसीनच्या गोळ्या घेणारा रुग्ण आपल्याकडे येतो. त्यास लांगलीयुक्त कल्प पोटात देणे म्हणजे एकच विष दोन दारांनी आत घेणे होय. तेव्हा पूर्वीच्या गोळ्यांविषयी विचारल्याशिवाय औषध लिहू नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील अनुसूची ई (१) मध्ये लांगलीचा समावेश आहे. त्यामुळे पोटात घ्यावयाच्या कल्पाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदी या दोन्ही भाषांत छापणे निर्मात्यावर बंधनकारक आहे.

विषबाधा

रानातून खाण्याचे कंद खणून आणणाऱ्या भागात ही बाधा नजरचुकीने होऊ शकते. श्रीलंकेत रताळे अथवा अन्य खाद्यकंद समजून लांगलीचा कंद खाल्ल्याने मृत्यू झाल्याचे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहे. बाधा झाल्यावर पहिले काही तास काहीच जाणवत नाही. साधारण दोन ते सहा तासांनी, क्वचित त्याहून उशिरा, घशात दाह, वमन, पोटात मुरडा व पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. हे चित्र विषूचिकेसारखे दिसत असल्याने पावसाळ्यात फसगत होते. पुढे एक ते तीन दिवसांत रक्तदाब उतरणे, मूत्राघात, श्वासकष्ट, रक्तस्राव व मज्जेचे कार्य मंदावून श्वेतपेशी घटणे असा क्रम लागतो. जो वाचतो त्याचे केस एक-दोन आठवड्यांनी गळू लागतात. उलट, खाल्ल्यावर थोड्याच वेळात जीभ व ओठ बधिर होऊन मुंग्या आल्या आणि नाडी विषम झाली तर वत्सनाभाची शंका घ्यावी.

उपचार रुग्णालयातच व्हावयास हवा. घरी तूप, दूध अथवा वमन यांत वेळ घालवू नये. चिचगडहून गंभीर रुग्ण गोंदियास न्यावा लागतो, हे अंतर लक्षात घेऊन जुलाब थांबण्याची वाट न पाहता लगेच हलवावे. जुलाब थांबल्यावर रुग्ण एक दिवस बरा वाटतो आणि नातेवाईक त्यास घरी नेण्याचा आग्रह धरतात. तो आग्रह मानू नये, कारण मज्जेवरील परिणाम त्यानंतरच दिसतो व काही दिवस रक्ततपासणी चालू ठेवावी लागते. उरलेला कंद, त्याची साल किंवा ओकारीत निघालेले तुकडे कागदात बांधून रुग्णाबरोबर द्यावेत आणि चिठ्ठीवर केवळ 'बचनाग' असे न लिहिता कळलावी, ग्लोरिओसा असे स्पष्ट लिहावे.